रंगनाथ, तू जेवला नाहीस

रंगनाथ, विंचूरला गाडी थांबली की नवा ड्रायव्हर खाली उतरतो, स्टँडसमोरच्या हॉटेलात जातो आणि मिसळ मागवतो. वर तर्री, कांदा, पाव, पुन्हा तर्री. मी समोर चहा घेऊन बसतो आणि त्याच्या खाण्याकडे बघत राहतो. परवा त्यानं विचारलं, "मास्तर, काय बघता?" मी म्हटलं, काही नाही, खा सावकाश. घास गिळल्यावर पुढं काय होईल याची धास्ती नसलेला माणूस कसा जेवतो, हे मी समोर बसून बऱ्याच वर्षांत पाहिलंच नव्हतं.

तुझं तेरावं होऊन गेलं. डेपोतल्या फळ्यावर खडूनं तुझं नाव लिहिलं होतं, खाली श्रद्धांजली. ते आता कुणीतरी पुसलं आणि तिथं ड्यूटीचा बदल लिहिला. युनियनचे लोक मला म्हणाले, पगारे, तुम्ही त्याच्याबरोबर सगळ्यात जास्त गाडी केली, चार ओळी लिहून द्या. लिहायला बसलो तर चार ओळींत मावेना, आणि जे खरं लिहिण्यासारखं होतं ते फळ्यावर लावण्यासारखं नव्हतं. म्हणून तुलाच लिहितोय.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी आपली जोडी लागली. नाशिक-येवला. तू सायखेड्याचा, नदीकाठच्या मळ्यात वाढलेला, खांदे असे की खाकी सदरा पाठीवर उसवायचा. मी नाशिकरोडचा, मॅट्रिक झालेला, गळ्यात चामड्याची पिशवी आणि हातात तिकिटांचा ट्रे. येवल्याला गाडी लागली की आपण स्टँडच्या मागच्या लिंबाखाली डबे उघडायचो. तुझ्या डब्यात बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर फोडलेला कांदा. माझ्या डब्यात कमलनं दिलेलं जे असेल ते. तुझा डबा तू खायचास, माझा मी. त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. प्रत्येकाला आपल्या घरचंच आवडतं, एवढंच मी धरून चाललो होतो.

मग तुझा डबा लहान झाला. मग ठेचा गेला, भाकरी गेली. मग तू डबा आणायचाच थांबलास. भूक नाय मास्तर, म्हणायचास, आणि गाडीखाली शिरून काहीतरी ठाकठोक करत राहायचास. मला वाटलं, घरी काही बिनसलं असेल.

त्याच सुमारास आम्ही वस्तीत दोन खोल्या घेतल्या आणि मी डेपोतल्या चौघा-पाचजणांना जेवायला बोलावलं. तुला सगळ्यात आधी. कमल आदल्या दिवसापासून तयारीला लागली होती. तुझ्या घरी अंडंसुद्धा चढत नाही हे तिला मी सांगितलं होतं, म्हणून तिनं मटण केलंच नाही. पुरणपोळी केली, कटाची आमटी केली, भजी तळली. तू आलास. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, त्याखाली बसलास. ताट समोर आलं आणि तू म्हणालास, "वहिनी, माझा उपास हाय आज." मंगळवार होता. कमलनं केळं आणलं, ते तू हातात धरून बसलास आणि जाताना माझ्या मुलीच्या हातात दिलंस. पाण्याच्या तांब्यालाही हात लावला नाहीस.

पुढच्या मंगळवारी निफाडला तू चहात टोस्ट बुडवून खाताना मी पाहिलं.

रंगनाथ, आमच्या लोकांना अशा वेळी कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. कोण कुणाकडे काय खात नाही आणि का खात नाही, हे आम्ही फार लहानपणी शिकलेलो असतो. माझा बाप सायखेड्याच्याच पलीकडच्या गावचा होता. त्याच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे. मला वाटलं, तूही त्यातलाच. लिंबाखालचे वेगवेगळे डबेसुद्धा मला त्या दिवसापासून वेगळे दिसायला लागले. कमल म्हणाली, असेल बाई त्याचा उपास. मी तिच्यावर ओरडलो.

नंतर जवळजवळ वर्षभर आपण घंटीनं बोललो. एक टोल थांब, दोन टोल चल. त्याखेरीज काही नाही. तुलाही ते कळत होतं. तू आरशातून माझ्याकडे बघायचास आणि मी बाहेर बघायचो.

मग नैताळ्याच्या पुढचा तो दिवस आला. उन्हाळा होता, गाडीत कांद्याच्या लिलावाहून परतणारे शेतकरी होते, बाया होत्या. मध्येच, स्टॉप नसताना, तू गाडी कडेला घेतलीस, रेडिएटरचा पाण्याचा डबा उचललास आणि बाभळींच्या मागे धावत गेलास. लोक विचारायला लागले. इंजिन तापलं असेल म्हणून मी पुढं गेलो आणि तुझ्या सीटवर पाहिलं. सीटच्या रेक्झिनवर रक्त होतं. ओलं. मी गळ्यातल्या रुमालानं ते पुसलं, का पुसलं ते मला आजही सांगता येणार नाही, आणि मागे वळून सांगितलं, रेडिएटरला पाणी घालतोय, बसा दम धरून. तू परत आलास तेव्हा तुझ्या ओठांना रंग नव्हता. डबा रिकामा होता आणि बॉनेटला हात लावलेला नव्हता. दोन टोल दिले. तू गाडी काढलीस.

येवल्याला लिंबाखाली मी विचारलं. तू खाली मान घालून सगळं सांगितलंस. दोन वर्षं झाली होती. दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागायचं, शेम पडायची, रक्त पडायचं, कळ अशी यायची की पाय क्लचवरून सुटेल असं वाटायचं. गावातल्या डॉक्टरनं आव म्हणून गोळ्या दिल्या होत्या, त्या तू पुन्हा पुन्हा घेत होतास. ड्यूटी असली की आदल्या संध्याकाळपासून तू काही खात नव्हतास, म्हणजे गाडीत वेळ येणार नाही.

मी विचारलं, "आमच्याकडे आला होतास तेव्हा?"

"तुमच्या वस्तीत संडास सामायिक. बाहेर रांग लागलेली मी येतानाच पाहिली. जेवलो असतो आणि तिथंच लागली असती तर? कुठं पळालो असतो?"

"मग तसं सांगायचं."

"काय सांगू? वहिनीनं पुरणपोळी वाढली आणि तिच्यापुढं सांगू का, हगताना रक्त पडतं म्हणून?"

मी म्हटलं, मला काय वाटलं ते तुला ठाऊक होतं का? तू म्हणालास, "होतं की. वर्षभर बघतोय ना तुझं तोंड." मग का नाही बोललास, असं मी विचारलं. तू बराच वेळ लिंबाच्या काडीनं माती उकरत बसलास आणि म्हणालास, "ते वाटलेलं परवडलं, मास्तर."

या एका वाक्यावरून आपण किती वेळा भांडलो. तुझं म्हणणं असं की शरमेपुढं माणसाला काही सुचत नाही. माझं म्हणणं असं की तुला जे परवडलं ते मला परवडलेलं नव्हतं. वर्षभर मी घरी येऊन जेवायला बसलो की मला तुझं ताट दिसायचं. तू म्हणायचास, चुकलं, सोड आता. तुझं चुकलं एवढंच ऐकायचं होतं असं मला वाटायचं, पण ऐकल्यावरही ते सुटलं नाही. आजही पुरतं सुटलेलं नाही. आजाऱ्याशी भांडू नये म्हणतात, पण तू सुद्धा भांडणात कमी नव्हतास.

त्यानंतर मात्र ती वाट आपल्या दोघांची झाली. तू आरशातून नुसतं पाहिलंस की मी ओळखायचो. चांदोरीच्या पुढं, निफाडच्या कारखान्याच्या वळणावर, विंचूरच्या अलीकडे, कुठं आडोसा आहे आणि कुठं नाही, हे मला स्टॉपांसारखं पाठ झालं. तू डबा घेऊन उतरायचास आणि मी लोकांना काहीतरी सांगायचो. टायर बघतोय. पट्टा सुटलाय. रोजचे प्रवासी हसायचे, या गाडीला लय तहान लागते म्हणायचे. हसू देत, मी म्हणायचो.

मीच तुला शरणपूर रोडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी नळी घालून आतून पाहिलं, फोटो काढले आणि कागदावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं. आव नव्हती. मोठ्या आतड्याला आतून सूज होती, जखमा होत्या. त्याचं इंग्रजी नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. बरं होणारं नाही, पण दाबून ठेवता येणारं. मोठमोठ्या पिवळ्या गोळ्या, रोज, बरं वाटलं तरी रोज. फार उसळलं तर दुसऱ्या गोळ्या, त्यांनी तोंड फुगतं. तुझा प्रश्न एकच होता. कशानं झालं? आणि लगेच उत्तरही तूच दिलंस, बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिलो ज्वारी मिळायची, लाल, कडसर, तिच्या भाकरी खाल्ल्या, तेव्हापासून आतडं बिघडलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, तसं काही सिद्ध झालेलं नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, मिलो मीही खाल्ली, माझ्या बायकोनं खाल्ली, अख्ख्या जिल्ह्यानं खाल्ली. मग आम्हाला का नाही झालं? तू म्हणालास, "प्रत्येकाचं आतडं येगळं."

खाण्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते, दुखणं उसळलेलं असेल तेव्हा तिखट, कच्चं, कोंड्याचं कमी करा. दूध सोसत नसेल तर सोडा. एरवी सगळं खा, पोटभर खा, वजन घटू देऊ नका. अंडी खा. तू घरी जाऊन पहिला भाग सांगितलास, दुसरा सांगितला नाहीस.

पहिल्या भागानं तुझ्या घरात काय झालं ते मी एकदा सायखेड्याला आलो तेव्हा पाहिलं. तुझी आई ओट्यावर बसली होती. मला चहा तिनं तिथंच दिला, ओट्यावर, आणि मी तिथंच प्यायलो. तिचं बोलणं सगळं आत स्वयंपाकघराच्या दिशेनं होतं. तिच्या सूनबाई, सिंधूवहिनी, सटाण्याकडच्या, तिकडचा हात तिखट, काळ्या मसाल्याचा. "त्या मिरचीनं माझ्या पोराचं आतडं जाळलं," म्हातारी म्हणाली. आत परातीत भाकरी थापायचा आवाज चालूच राहिला. तू तिथं होतास, रंगनाथ. तू आईला म्हणाला असतास, डॉक्टर तसं म्हणाले नाहीत, तर बरं झालं असतं. तू बैलाला पाणी दाखवायला निघून गेलास. पुढं सिंधूवहिनींनी घरातली मिरचीच बंद केली. तुझीच नाही, सगळ्यांची.

गोळ्यांनी तुला उतार पडला. त्याच वर्षी आम्हाला क्वार्टर मिळालं, घरात संडास असलेलं. अंडी तुझ्या घरी चालणार नव्हती, म्हणून एके दिवशी मीच म्हटलं, सुटीच्या दिवशी आमच्याकडे ये. मला वाटलं नव्हतं तू येशील. तू आलास. दारातच उभं राहून आधी संडास कुठं ते बघून घेतलंस, मग बसलास. कमलनं अंडी उकडली, सोलली, मिठाबरोबर दिली, मऊ भात दिला. तू जेवलास. किती भराभर खाल्लंस, जणू कुणी ताट ओढून नेणार आहे. कमल तिकडं तोंड करून उभी होती. तू गेल्यावर ती म्हणाली, त्या दिवशीच्या पुरणपोळीचं आज फिटलं. माझं फिटलं नव्हतं, पण मी तिला तसं म्हटलं नाही.

मग तू दर सुटीला यायला लागलास. कमलला ताई म्हणायला लागलास. तुझ्या गालावर मांस आलं, सदरा पुन्हा पाठीवर ताणला. गाडीला तहान लागायची थांबली. ते वर्ष चांगलं गेलं, रंगनाथ. एवढ्या सगळ्यात तेवढं एकच चांगलं गेलं, आणि ते आमच्या घरात गेलं, याचं मला समाधान आहे. तू माझ्या मुलीला गाडीच्या स्टिअरिंगवर बसवलंस. कमलच्या बापाला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा तू मळ्यातलं काम टाकून आलास. हे मी विसरलेलो नाही.

पण त्याच दिवसांत मी एकदा तुला विचारलं होतं, "आईला सांगितलंस का?"

"अंडी खातो ते नाय सांगितलं."

"मी अंड्यांचं विचारत नाही."

तू हात धुवायला उठलास. मोरीत बराच वेळ पाणी वाजत राहिलं. बाहेर आलास आणि म्हणालास, उद्या पहिली गाडी आपली आहे, वेळेवर ये. मीही पुन्हा विचारलं नाही. आता विचारण्याची सोय उरली नाही.

बरं वाटायला लागलं आणि तिथूनच बिघडत गेलं. विंचूरचा एक कांद्याचा आडत्या रोज आपल्या गाडीनं यायचा. चांगला माणूस, तुझ्याबद्दल खरी कळकळ असलेला. त्यानं सांगितलं, त्याच्या मेव्हण्याचं असलंच पोट नुसत्या ताकावर राहून बरं झालं, औषध नाही, काही नाही. तुला ते पटलं. पटायला तू तयारच होतास. पिवळ्या गोळ्या सोडल्यास. आमच्याकडे यायचं सोडलंस. कारण विचारलं तर म्हणालास, आईनं माळ घातलीय, तिला कळलं तर ती अन्न टाकील, आणि आता मी बराच हाय. कमलनं तरीही त्या सुटीला अंडी उकडून ठेवली होती. संध्याकाळी मुलांनी खाल्ली.

ताकावर काही दिवस बरं गेलं. मग रक्त पुन्हा दिसलं, तर तू ठरवलंस, ताक आंबट होतं म्हणून. ताक सोडलंस, भाताची पेज धरलीस. मुगाचं वरण सोडलंस, केळं सोडलंस. एक एक पदार्थ तू दोषी ठरवत गेलास. आणि तुझा युक्तिवाद मला तोडता येत नव्हता, कारण जे तू सांगत होतास ते खोटं नव्हतं. खाल्लं नाही की जावं लागत नव्हतं. म्हणजे अन्नच वैरी. मी म्हटलं, गाडी डेपोत उभी ठेवली तर अपघात होत नाही, म्हणून काय गाडी चालवायचीच नाही? तू हसलास. "आतडं म्हणजे एसटी नाय, मास्तर." डॉक्टरांकडे चल म्हटलं तर, ते पुन्हा त्याच गोळ्या देतील, तोंड फुगवतील. मी चिडलो, तुझी गचांडी धरली, आणि हाताला कॉलरच्या आत गळ्याची नुसती हाडं लागली. मी हात काढून घेतला.

चांदोरीजवळ गाडी रस्ता सोडून कडेच्या उसाकडे गेली तेव्हा तू शुद्धीवर होतास की नव्हतास, तुलाही सांगता आलं नाही. ब्रेक लागला तो तुझ्या सवयीनं. कुणाला खरचटलंही नाही. एक म्हातारी तेवढी मोठ्यानं रडत होती. तू स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलास आणि मला म्हणालास, खाली उतरव लोकांना. त्यानंतर तुला डेपोत बसून करायचं काम मिळालं. तू टायरांच्या खोलीत बसायचास. मी गाडी घेऊन निघताना तू दारात उभा असायचास, हात वर करायचास. गाडीवरचा माणूस खाली उभा राहून हात करतो, ते बघवत नव्हतं.

शेवटी जे व्हायचं ते या थंडीत झालं. ताप, पोट फुगून ढोलासारखं, नाडी पळणारी. शरणपूर रोडच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पाठवलं. सर्जन म्हणाले, मोठं आतडं काढावं लागेल, नाहीतर ते फुटेल. पुढं पोटाला भोक ठेवून पिशवी लावायची, जन्मभर. सिंधूवहिनींनी कागदावर अंगठा नाही, सही केली. तुझ्या बायकोला लिहिता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

तुझं तोंड कोरडं पडलं होतं. पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता. मी शेजारी बसलो होतो. तू विचारलंस, "पिशवी लावून गाडी चालवता येती का?" मी म्हटलं, येते. मला काहीच माहिती नव्हती. मग तू डोळे मिटून म्हणालास, "मास्तर, लय भूक लागली रे." एवढ्या वर्षांत मी तुझ्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, बरा हो, कमल वाट बघतेय. नर्स आल्या आणि त्यांनी तुला नेलं.

ऑपरेशन झालं. तू चार-दोन दिवस काढलेस, पण जखम धरेना, पू झाला, ताप उतरेना. गेलास तेव्हा दुपार होती. बाहेर रिक्षावाल्यांचं कशावरून तरी भांडण चाललं होतं.

सर्जन सिंधूवहिनींशी बोलायला बाहेर आले. वहिनींनी रडणं थांबवून एकच विचारलं, "माझ्या स्वयंपाकानं झालं का, डॉक्टर?"

ते खाली बसले. म्हणाले, "नाही, बाई. हा आजार कशानं होतो ते आम्हालासुद्धा नीट ठाऊक नाही. तिखटानं दुखणं चाळवत असेल, पण आतडं असं होत नाही. आतडं आम्ही काढलं. ती जखम भरून यायला अंगात जे लागतं ते यांच्या अंगात उरलं नव्हतं. हे फार दिवस उपाशी होते."

वहिनींनी मान हलवली. त्यांना पहिलं वाक्य ऐकू आलं की शेवटचं, ते कळायला मार्ग नव्हता. तुझी आई भिंतीशी बसली होती, तिनं दोन्ही ऐकलं.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी सायखेड्याला गेलो. टायरांच्या खोलीत तुझं घोंगडं आणि एक सदरा राहिला होता, ते द्यायला. म्हातारीनं या वेळी मला आत बोलावलं. मी बसलो. ती बराच वेळ सदऱ्याची घडी मोडत आणि पुन्हा घालत होती. मग म्हणाली, "तुमच्याकडं अंडी खायला यायचा ना तो."

तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"तुमच्याकडनं आला की लिंबू चोळून हात धुवायचा. घरात शिरायच्या आधी. मला काय कळत नव्हतं? पण अंगाला लागत होतं त्याच्या. मी म्हटलं, खातोय तर खाऊ दे. देवाला मी सांगंन काय सांगायचं ते." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "मधीच का सोडलं त्यानं?"

रंगनाथ, तू ज्या भीतीनं सोडलंस ती माझ्या समोर बसली होती, तुझा सदरा मांडीवर घेऊन. खरं सांगितलं असतं तर तिनं उरलेले दिवस त्याच टोचणीत काढले असते. आणि तू कुणाच्या घरी खात होतास हेही तिला ठाऊक होतं, सगळं ठाऊक होतं. तू मोरीत पाणी सोडून जे टाळलंस ते टाळायची गरज नव्हती, निदान या एका म्हातारीसाठी तरी नव्हती. मी म्हटलं, डॉक्टरांनीच बंद करायला सांगितली होती.

"डाक्टरनं सांगितलं व्हय," ती म्हणाली. "मग तो तरी काय करणार."

तिनं मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. सिंधूवहिनींनी ताट आणलं. ते ताट घरातलं होतं की बाजूला ठेवलेलं, हे मी पाहिलं नाही. ठरवूनच पाहिलं नाही. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, भात. पहिला घास घेतला तर भाजीत मिरचीचा कणही नव्हता, नुसतं मीठ आणि हळद. तुझी मुलं तेच खात होती, म्हातारी तेच खात होती. वहिनी म्हणाल्या, "तिखट लागत असंल तर मागून आणते शेजारून. आमच्याकडं आता नसतं."

मी नको म्हटलं. जेवलो. ताट पुसून जेवलो, रंगनाथ, आणि माझं संपेपर्यंत तुझी आई माझ्या हाताकडे बघत बसली होती.